डोळे उघडे ठेवले तरी चालेल

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला जेवणानंतरचं सत्र दिलंय आणि विषय दिलाय 'मुलांच्या शिक्षणात ध्यानाचं महत्त्व'. म्हणजे पुढच्या अर्ध्या तासात तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे डोळे मिटणार, आणि ते ध्यानाला बसलेत असं मी समजून चालणार. हरकत नाही. घोरू नका, एवढंच.

आधी माझी पात्रता सांगतो, कारण ती फार नाही. मी मानसशास्त्रज्ञ नाही, आलिम नाही, शिक्षकही नाही. सोलापूरचा आहे, इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. रविवारी सकाळी कोंढव्यात आम्ही चार-पाच मित्र मिळून एक अभ्यासिका चालवतो. पाचवी ते आठवीची मुलं येतात. आणि माझ्याकडे एक अर्ज आहे, जो मी लिहिला, छापला आणि दिला नाही. तिथूनच सुरुवात करतो.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाली त्या आठवड्यात माझ्या मुलीच्या डायरीत एक चिठ्ठी आली. ती तेव्हा तिसरीत होती. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. परिपाठानंतर रोज दहा मिनिटं ध्यान घेतलं जाईल, पालकांनी सहकार्य करावं. संध्याकाळपर्यंत आमच्या मोहल्ल्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभरच्या वर मेसेज पडले होते. आज ध्यान, उद्या सूर्यनमस्कार, परवा काय? कुणी म्हणालं, दाखला काढून घेऊ. कुणी एका वकिलाचा नंबर टाकला. एका बिचाऱ्यानं लिहिलं, "दहा मिनिटं शांतच तर बसायचंय." त्याला सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं. म्हणजे ध्यान पहिल्यांदा लागू झालं ते त्यालाच.

रात्री शेजारचे चाचा घरी आले. "बेटा, तू इंजिनियर है, मराठी बी अच्छा लिखता, एक अर्ज लिख दे." मी पंधरा मिनिटांत लिहून दिला. आमच्या पाल्यांना या कार्यक्रमातून वगळावं, अशा अर्थाचा. अर्ज चांगला झाला होता, भाषा सभ्य होती, खाली सह्यांसाठी रांगा आखल्या होत्या. सतरा सह्या झाल्या. प्रत घरी आणली तेव्हा बायकोनं ती वाचली आणि विचारलं, "तुम्ही बघितलंय का, वर्गात ते नक्की काय करतात ते?"

मी बघितलं नव्हतं. सतरापैकी कुणीच बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, मागच्या बाकावर बसलो. बाईंनी फोन एका छोट्या स्पीकरला जोडला. बासरी सुरू झाली. एक आवाज सांगत होता, पाठ ताठ ठेवा, डोळे मिटा, श्वास आत येतोय, बाहेर जातोय, त्याच्याकडे लक्ष द्या. सहा-सात मिनिटं हेच चाललं. मुलं चुळबुळत होती, एक-दोघं एकमेकांना चिमटे काढत होती, पण एकूण बरं चाललं होतं. मी मनात म्हटलं, यात काय आहे? आणि शेवटी त्या फोनमधल्या आवाजानं तीनदा ओंकार लावला आणि मुलांना सोबत म्हणायला सांगितलं.

आमच्या गल्लीतला एक पोरगा पुढच्याच बाकावर होता. त्याचा आवाज सगळ्यात मोठा. त्याला ओरडायला मिळालं होतं, तो खूश होता. मला हसू आलं. मग माझ्या मुलीकडे नजर गेली. तिनं ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे उघडून ती आजूबाजूला बघत होती. कोण म्हणतंय, कोण नाही, आपण काय करायचं. हसू तिथेच गेलं. आठ वर्षांच्या मुलीला असा निर्णय घ्यायला लागू नये. तोही एकटीनं, चाळीस मुलांच्या मधोमध, दहा सेकंदांत.

मुख्याध्यापक प्रामाणिक होते. म्हणाले, इंटरनेटवर एक ध्वनिफीत मिळाली, ती लावली. शेवटी काय आहे याचा कुणी विचारच केला नाही. माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आपल्याकडे बहुतेक गोष्टी कटातून होत नाहीत, घाईतून होतात. मी छापलेला अर्ज बॅगेतच ठेवला आणि घरी येऊन दुसरा लिहिला. त्यात तीनच मागण्या होत्या. त्या दहा मिनिटांत कुठलाही मंत्र, प्रार्थना, चित्र नको, आमचंही नको आणि कुणाचंही नको. ज्या मुलाला डोळे मिटायचे नाहीत त्याला उघडे ठेवून बसू द्यावं किंवा चित्र काढू द्यावं, त्याला वेगळं काढू नये. आणि काय करणार आहात ते पालकांना आधी लिहून कळवावं. पहिल्या दोन मागण्या तिथल्या तिथे मान्य झाल्या. तिसरीला दिवाळी उजाडली.

मोहल्ल्यात मात्र मला महाग पडलं. सह्या करणाऱ्यांपैकी काहींना वाटलं, मी शाळेला जाऊन मिळालो. दोन घरांशी आजही बोलणं सलामापुरतंच उरलंय. त्यातले एक ते चाचा.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण आपल्यापैकी अनेक जण पुढच्या काही वर्षांत पालक होणार आहेत आणि हा प्रसंग तुमच्यावर येणार आहे. महाराष्ट्रात शिक्षण विभाग आणि इगतपुरीचा विपश्यना विशोधन विन्यास यांचा 'मित्र उपक्रम' आहे, त्यात शाळेतल्या मुलांना आनापान शिकवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघणं. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी 'हॅपिनेस' अभ्यासक्रम सुरू झाला, त्यातही थोडा वेळ असं लक्ष देऊन बसणं होतं. तुमच्या मुलांच्या शाळेत हे कधी ना कधी येणार. तेव्हा आपल्याकडे दोनच उत्तरं असून चालणार नाहीत, 'चालेल' आणि 'चालणार नाही'. तिसरा प्रश्न विचारता आला पाहिजे: नेमकं काय, कसं आणि मुलाच्या मर्जीनं का?

हा प्रश्न विचारणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही. राज्यघटनेचं कलम २८ आहे, त्यातला तिसरा भाग वाचा. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. आता ध्यान ही उपासना आहे का? याचं उत्तर 'ध्यान' या शब्दात सापडत नाही, वर्गात प्रत्यक्ष काय होतं त्यात सापडतं. अमेरिकेत यावर खटले झालेत. न्यू जर्सीच्या सरकारी शाळांत 'भावातीत ध्यान' शिकवलं जात होतं, त्यात मंत्र देताना एक पूजा असे, शिक्षक संस्कृतमध्ये म्हणत असे. १९७९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं, हे धर्मात मोडतं, सरकारी शाळेत चालणार नाही. उलट कॅलिफोर्नियात एन्सिनिटास गावच्या शाळांमधल्या योगाविरुद्ध काही पालक कोर्टात गेले, तेव्हा २०१५ मध्ये निकाल शाळेच्या बाजूनं लागला. कारण त्या शाळांनी संस्कृत नावं काढून टाकली होती, पद्मासनाला मुलं मांडी घालून बसण्यासाठी जो खेळातला शब्द वापरतात तो ठेवला होता, आणि उरला होता तो व्यायाम. तिथला कायदा आपल्याला लागू नाही. पण फरक कुठे करायचा, हे या दोन निकालांतून छान कळतं.

आता माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा वकिलीच करतोय.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझे तीन विषय राहिले. एटीकेटी लागली. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळे तीन विषय माझे एकट्याचे राहिले नव्हते, अब्बांचे, फुफ्फूंचे, सगळ्यांचे राहिले होते. पुढच्या परीक्षेला गणिताचा पेपर समोर आला आणि अक्षरं दिसेनाशी झाली. हात गार. छातीत धडधड. मला वाटलं, आपण मरतोय. वीस मिनिटं मी उत्तरपत्रिकेवर फक्त आसनक्रमांक बघत होतो. नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं, हा भीतीचा झटका असतो, याला लाजण्यासारखं काही नाही. आणि एका मित्रानं सांगितलं, इगतपुरीला जा.

इगतपुरीचं तुम्हाला माहीत असेल. सत्यनारायण गोयंका मूळचे ब्रह्मदेशातल्या मंडालेचे, व्यापारी घरातले. ते १९६९ साली भारतात आले आणि शिबिरं घ्यायला लागले. दहा दिवसांचं शिबिर असतं. बोलायचं नाही, फोन नाही, पुस्तक नाही, फी नाही. मी अर्ज मागवला. त्यात नियम लिहिले होते, आणि एक नियम असा होता की शिबिराच्या काळात आपापली प्रार्थना, उपासना, विधी बाजूला ठेवायचे. म्हणजे दहा दिवस नमाज नाही. मी तीन दिवस विचार केला आणि गेलो नाही.

गेलो नाही याचा मला पस्तावा नाही आणि त्यांच्यावर रागही नाही. उलट एक गोष्ट मला तेव्हाच आवडली होती. त्यांनी ते आधी लिहून सांगितलं होतं. शिबिर त्यांचं, नियम त्यांचे, निर्णय माझा. कुणी फसवलं नाही. मुलीच्या शाळेकडे मी तिसरी मागणी केली, तिचं मूळ त्या कागदात आहे.

मी घरीच सुरू केलं. फजरनंतर जानमाजवरच दहा मिनिटं. श्वास मोजायचा. पहिले कित्येक दिवस मी चारच्या पुढे गेलो नाही. एक, दोन, तीन, आणि डोक्यात मेसचं बिल. पुन्हा एक. एके दिवशी दादीनं विचारलं, "नमाज होके इत्ती देर हुई, बैठके क्या करताय?" मी म्हटलं, "सांसां गिनताय." ती म्हणाली, "गिन. तेरे दादा बी ऐसेच बैठते थे, सोते बैठते थे."

दादीनं सहज म्हटलं, पण ते मला पुरलं. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की बसण्याची ही रीत आपल्या घरात परकी नाही. गझालींच्या 'इह्या'मध्ये चाळीस प्रकरणं आहेत, त्यातलं एक मुराकबा आणि मुहासबा यावर आहे, म्हणजे मनावर नजर ठेवणं आणि त्याचा हिशेब घेणं, आणि त्याच्या पुढचं तफक्कुरवर. चिश्ती सूफी 'पास-ए-अनफास' म्हणतात, श्वासांची राखण. ग्वाल्हेरचे मुहम्मद गौस यांनी सोळाव्या शतकात योगावरचा ग्रंथ फारसीत आणला, 'बहर-उल-हयात'. त्याच्या एका सचित्र प्रतीत आसनं घालून बसलेले योगी रंगवलेत. आणि लांब कशाला जायचं, श्रीगोंद्याचे शेख महंमद. मुसलमान, सूफी वळणाचे, आणि मराठीत 'योगसंग्राम' लिहून गेलेले संतकवी. तुमच्यापैकी कितींनी नाव ऐकलंय? ... चार हात. शाळेत शिकवत नाहीत आणि घरी सांगत नाहीत.

पण इथे थांबतो. ही यादी घेऊन कुणी 'बघा, हे तर आमचंच होतं' असं म्हणायला लागला की मला कंटाळा येतो. तिकडचेही तेच म्हणतात. श्वास कुणाच्या मालकीचा नाही. शिवाय मुराकबा ही इबादत आहे, ती अल्लाहच्या नावानं होते. शाळेत शेजारी बसलेल्या दुसऱ्या धर्माच्या मुलावर ती लादायचीही नाही. जो नियम ओंकाराला, तोच जिक्रला. वर्गातली दहा मिनिटं म्हणजे लक्ष परत आणायचा सराव, बाकी काही नाही.

लक्ष परत आणायचा सराव. हे चार शब्द मला महत्त्वाचे वाटतात, कारण लोकांना वाटतं ध्यान म्हणजे मनात काही येऊ न देणं. लहान मुलाला असं सांगितलं की ते बिचारं दोन मिनिटांत नापास होतं. मन भटकणारच. ते भटकलंय हे लक्षात येणं आणि ओरडा न खाता परत येणं, हाच व्यायाम. जिममध्ये वजन खाली जातं म्हणून कुणी रडत नाही, खाली गेल्याशिवाय उचलणार काय? विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० मध्येच म्हणून ठेवलंय की भटकलेलं लक्ष पुन्हा पुन्हा परत आणण्याची ताकद जे शिक्षण वाढवेल ते सर्वांत उत्तम शिक्षण ठरेल. आणि लगेच पुढे कबूलही केलंय की हे ध्येय सांगणं सोपं, ते कसं साधायचं ते सांगणं अवघड. मला ही कबुली जास्त आवडते.

कारण तुम्हाला आता जे सांगणार आहे ते ध्यानाची जाहिरात करणारे सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये एक मोठा प्रयोग झाला, 'मिरियाड' नावाचा. ८० हून जास्त शाळा, ८ हजारांहून जास्त मुलं, वय साधारण ११ ते १४. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं निम्म्या शाळा निवडल्या, त्यांत मुलांना माइंडफुलनेस शिकवलं. उरलेल्या शाळांत नेहमीचेच भावनिक शिक्षणाचे तास चालू ठेवले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर बघितलं तर मुलांच्या मानसिक आरोग्यात या दोन गटांत काही फरक नव्हता. ज्या मुलांना आधीपासून त्रास होता त्यांतल्या काहींना तर थोडा तोटाच झाला असावा, असंही दिसलं. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. मुलं कंटाळली होती.

पण त्याच प्रयोगात दुसरी एक गोष्ट दिसली. शिकवण्याआधी शिक्षकांना स्वतः हे शिकावं लागलं होतं. त्यांचा थकवा, नोकरीनं पिचून जाणं, कमी झालं, निदान काही काळ. शाळेतलं वातावरणही थोडं सुधारल्यासारखं वाटलं.

इंजिनिअर म्हणून मला हा निकाल वाचून आधी वाईट वाटलं आणि मग हायसं वाटलं. आपण सगळा भार चुकीच्या टोकाला टाकत होतो. मोठ्यांनी बसायचं सोडून मुलांना बसवत होतो.

आता अभ्यासिकेबद्दल.

आमच्याकडे जी मुलं येतात त्यांचा दिवस ऐका. सकाळी मदरसा, दुपारी शाळा, संध्याकाळी ट्यूशन. घर एक खोलीचं, नाहीतर दीड. त्यात टीव्ही, कुकर, धाकटं भावंड, खालच्या गॅरेजमधला ग्राइंडर. पुस्तकं म्हणतात, मुलाला शांत कोपऱ्यात बसवा. कुठला कोपरा? पैसा, पाणी, जागा यांचं वाटप आपण मोजतो, शांततेचं मोजत नाही. ज्याच्या घरात तीन खोल्या आहेत त्याचं मूल रोज चार तास शांतता खातं. ती आपल्याला मिळत नाही हे या मुलांना माहीतही नसतं, कारण त्यांनी ती कधी चाखलेलीच नाही.

मी सुरुवातीला गाढवपणा केला. शाळेत पाहिलं होतं तसंच, डोळे मिटा, श्वास बघा. दुसऱ्याच रविवारी सहावीतला एक मुलगा डोळे मिटल्यावर मिनिटभरात रडायला लागला. हुंदके देऊन. मुलं हसली. मी म्हटलं, "कायकू रोताय रे?" तो काही बोलला नाही. नंतर त्याच्या मोठ्या बहिणीनं सांगितलं, २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांचे वडील गेले. हॉस्पिटलमधून थेट कब्रस्तानात नेलं, याला तोंड बघायला मिळालं नाही. घरात कुणी तो विषय काढत नाही. दिवसभर हा मुलगा गोंगाटात असतो आणि गोंगाटच त्याला सांभाळतो. मी त्याला डोळे मिटायला लावले आणि त्याच्या हातातला तो आधार काढून घेतला.

त्या दिवसानंतर आमच्याकडे डोळे मिटायचा नियम राहिला नाही. ज्याला मिटायचेत त्यानं मिटावेत. उघडे ठेवले तरी चालेल, खिडकीतून बाहेर बघितलं तरी चालेल, उठून पाणी प्यायलं तरी चालेल. त्या मुलाला मी ध्यान दिलं नाही. ससूनमध्ये मुलांसाठी समुपदेशन मिळतं का याची चौकशी केली, त्याच्या अम्मीला घेऊन गेलो. काही दुखणी बसून बरी होत नाहीत. जिथे उपचार लागतात तिथे श्वास मोजायला लावणं हा गुन्हा आहे. हे वाक्य मी जरा जोरात बोललो, मागचे जागे झाले असतील.

मग आम्ही आवाज मोजायला लागलो. श्वासाऐवजी आवाज. पाच मिनिटं काही बोलायचं नाही, जे जे ऐकू येईल ते मनात टिपायचं, नंतर वहीत लिहायचं. ही युक्ती माझी नाही, एका मुलीनं सुचवली. ती म्हणाली, "सर, श्वास दिसतच नाही, आणि इथं आवाज इतका आहे, तोच ऐकू या ना." पहिल्या दिवशी सात-आठ आवाज निघाले. महिन्याभरात एकीची यादी एकवीसवर गेली. कुकरच्या दोन शिट्ट्या, एक जवळची आणि एक लांबची. भंगारवाला. कुणाच्या तरी बांगड्या. पंख्याचं एक पातं घासतंय. कबूतर. शेजारच्या मुलाच्या पोटातली गुडगुड. आणि शेवटी तिनं लिहिलं होतं, 'माझ्या कानातच एक आवाज आहे, तो कायम असतो, आज कळलं.' ज्या गोंगाटाबद्दल मी इतकं तावातावानं बोलत होतो त्यातच मुलांनी आपला कोपरा शोधून काढला.

मांजराचा खेळही आहे. सूफींच्या गोष्टींत येतं की शिबली एकदा अबुल हुसैन नूरींना भेटायला गेले, तर ते इतके निश्चल बसलेले की अंगावरचा केससुद्धा हलत नव्हता. शिबलींनी विचारलं, हे कुणाकडून शिकलात? नूरी म्हणाले, आमच्या मांजराकडून, ते उंदराच्या बिळापाशी असंच बसतं. मुलांना ही गोष्ट भयंकर आवडते. पाचवीची पोरं बिळापाशी बसल्यासारखी बसतात. तीन मिनिटं म्हणजे त्यांच्यासाठी खूप. मग कुणीतरी 'म्याँव' करतं आणि खेळ संपतो.

याचा उपयोग काय झाला? मार्क वाढले नाहीत. वाढले असते तरी श्रेय मी त्या पाच मिनिटांना दिलं नसतं, कारण आमच्याकडे दोन चांगल्या गणिताच्या मुली शिकवायला येतात. पण एक किस्सा सांगतो. सातवीतली एक मुलगी, हाताची जरा चळवळी. एका रविवारी येऊन म्हणाली, "सर, काल मी तिला मारणारच होते. मग थांबले, तीन श्वास मोजले."

मी खूश. म्हटलं, "मग?"

"मग मारलं."

मित्र हसले. मी पण हसलो. पण रात्री विचार करताना मला ते तीन श्वास दिसत राहिले. पूर्वी ते नव्हते. राग आणि हात यांच्यामध्ये आधी काहीच नव्हतं, आता तीन श्वासांची जागा आहे. त्या जागेत पुढे काय ठेवायचं ते ती ठरवेल.

आणि आता घरचं, जे सांगायला मला बरं वाटत नाही. शाळेचं प्रकरण मिटल्यावर मला उत्साह आला होता. मुलीसाठी फोनवर एक ॲप घेतलं. रोज दहा मिनिटं, पूर्ण झालं की तारा मिळतो, सलग दिवसांची साखळी दिसते. साखळी तुटली की मी चिडायचो. एकदा तर भाऊ-बहिणीच्या भांडणानंतर मी तिला म्हटलं, जा, कोपऱ्यात बसून दहा मिनिटं ध्यान कर. म्हणजे पूर्वी अंगठे धरायला लावायचे त्याच्या जागी हे. ती गेली, बसली, आणि पाठमोरी बसून तिनं किती श्वास मोजले ते अल्लाहलाच ठाऊक.

त्याच आठवड्यात आमची सिस्टीम रात्री अकराला बंद पडली. माझी ड्यूटी होती. फोनवर फोन, क्लायंट ओरडतोय, आणि ही झोपेतून उठून पाणी मागायला आली. मी जे ओरडलो ते शेजाऱ्यांनी ऐकलं असणार. पाणी तिच्या आईनं दिलं. काही दिवसांनी तिची निबंधाची वही हाती लागली, विषय 'माझे बाबा'. त्यात एक वाक्य होतं: अब्बा घरी असतात तेव्हा लॅपटॉपमध्ये असतात. बाईंनी त्याला बरोबरची खूण केली होती.

ॲप काढून टाकलं. आता फजरनंतर मीच बसतो, कॉलेजात बसायचो तसा. मधली दहा वर्षं सुटलं होतं, तेही सांगायला हवं. कधी ती येऊन शेजारी बसते, कधी झोपून राहते. आली तर 'बस' म्हणत नाही, नाही आली तर विचारत नाही. परवा बसली आणि दोन मिनिटांनी हळूच म्हणाली, "अब्बा, चाचांचं दार वाजलं." ते पहाटे मशिदीतून परत येतात तो आवाज. मला इतक्या दिवसांत तो ऐकू आला नव्हता. त्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा सलामापुढे एक वाक्य जास्त बोललो, गुडघ्याचं कसं आहे म्हणून. त्यांनी उत्तर दिलं. बघू.

अभ्यासिका रविवारी साडेदहाला असते. आम्हाला दोन माणसं कमी पडताहेत. गणित, इंग्रजी येत असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. अट एकच, मुलांआधी पाच मिनिटं तुम्ही बसायचं, आणि फोन दाराजवळच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. मागच्या महिन्यात तिघं आले होते. दोघं डबा बघून परत गेले, एक अजून येतोय. पत्ता बाहेर टेबलावर लिहून ठेवलाय. आता तुमचे प्रश्न घेऊ. झोपलेल्यांनी आधी विचारावेत.